केंद्रप्रमुख, बीआरसी, डाएट... वर्गात शिकवायला यातलं नक्की कोण मदत करतं?

नवा_मास्तर

नमस्कार मंडळी. पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षणसेवक म्हणून लागलोय. मूळचा लातूरकडचा, आणि पोस्टिंग थेट सातपुड्यात. तालुका सांगत नाही, समजून घ्या, इथे पण आमच्या ग्रुपमधलं कोणीतरी असणारच. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३४. कागदावर मुख्याध्यापक सरांकडे तिसरी-चौथी आणि माझ्याकडे पहिली-दुसरी. प्रत्यक्षात सर निम्मा दिवस मोबाइल घेऊन शाळेमागच्या टेकाडावर रेंज शोधत असतात कारण कुठली ना कुठली माहिती 'आजच्या आज' भरायची असते, त्यांचाही दोष नाही, पण मग चारही वर्ग माझ्यासमोर एकाच खोलीत.

मुलं घरी पावरी बोलतात. पहिलीची पोरं माझं मराठी ऐकून नुसती हसतात. चौथीतली सहा-सात जण अजून जोडाक्षराला अडतात आणि हातच्याची वजाबाकी आली की सगळ्यांची चूक एकच, जसं काही ठरवून केलीय. डीएडला पाठ टाचणं ढिगाने लिहिली पण चार वर्ग एका खोलीत कसे बसवायचे हे कोणी शिकवलं नाही.

आल्यापासून नावं इतकी ऐकली की डोकं फिरलं. केंद्रप्रमुख, बीट विस्तार अधिकारी, गटसाधन केंद्र, साधनव्यक्ती, विषयतज्ज्ञ, डाएट, एससीईआरटी. ग्रुपवर या सगळ्यांचे मेसेज येतात आणि सगळ्यांचं एकच, माहिती तात्काळ सादर करावी. परवा केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले, पोषण आहाराचा साठा पाहिला, हजेरी पाहिली, वर्गात पाचेक मिनिटं थांबले आणि शेरेबुकात लिहून गेले 'विद्यार्थ्यांचा अध्ययन स्तर उंचवावा'. अहो कसा उंचवावा तेच तर मला पाहिजे ना!

तर प्रश्न साधा आहे. वर्गात शिकवण्यासाठी यातलं कोण खरंच मदत करतं, आणि शिक्षणसेवकाने ती मागितली तर 'याला येत नाही' असा शिक्का बसतो का?

झेडपीच्या_मॅडम

सर, शिक्का वगैरे काही बसत नाही, उलट विचारणारा माणूस लक्षात राहतो. आधी ही नावांची भानगड सोडवून देते, मग बाकीचं.

दोन दोऱ्या आहेत असं समजा. एक प्रशासनाची, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग बीटाचे (म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे) विस्तार अधिकारी. पगार, रजा, बदली, चौकशी, सगळं या दोरीवर. दुसरी शिकवण्याची, पुण्याची एससीईआरटी म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, तिच्याखाली जिल्ह्याची डाएट म्हणजे शिक्षक प्रशिक्षण संस्था आणि तालुक्याचं गटसाधन केंद्र म्हणजे बीआरसी. तिथे साधनव्यक्ती असतात, समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात, यातले बरेच समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले कंत्राटी लोक. आणि या दोन्ही दोऱ्यांची गाठ ज्याच्या गळ्यात पडते तो केंद्रप्रमुख, आसपासच्या दहाएक शाळांचा. त्यातून कित्येक जागा रिकाम्या, म्हणजे एकाच माणसाकडे दोन-दोन केंद्रांचा चार्ज, तो बिचारा साठा बघणार की तुमचा पाठ बघणार.

त्यामुळे 'मदत करा' असं मोघम मागितलंत तर काहीच मिळत नाही, त्याचं उत्तर 'स्तर उंचवावा' हेच येणार. नेमकं मागा. आणि नेमकं कशावरून मागायचं तर ते तुमच्याच टेबलावर पडलेलं असतं. ती नियतकालिक मूल्यांकन चाचणी असते ना, पायाभूत आणि मग दोन संकलित, भाषा गणित इंग्रजी. पेपर आपणच तपासतो, गुण विद्या समीक्षा केंद्राच्या पोर्टलवर भरतो आणि गठ्ठा बांधून माळ्यावर टाकतो. तो बांधायच्या आधी एक साधा कागद आखा, उभी मुलांची नावं, आडवे प्रश्नांचे नंबर, चुकलं तिथे फुली. अर्ध्या तासाचं काम. एकूण गुणांवरून काही कळत नाही हो, ३० पैकी १४ म्हणजे काय? पण एका प्रश्नाखाली सगळ्या रांगेत फुल्या दिसल्या की कळतं की हे पोरांचं नाही, हे शिकवायचंच राहिलंय किंवा आपलं शिकवणं कुठेतरी फसलंय. तो कागद घेऊन बीआरसीत जा, बघा समोरचा माणूस कसा वेगळं बोलायला लागतो.

अजून एक. तुमच्या शाळेत कपाट असेल, त्यात गणित पेटी आणि भाषा पेटी, म्हणजे शिकवायच्या साहित्याच्या पेट्या, असणार म्हणजे असणारच. आणि ती उघडलेली नसणार. आमच्याकडे कितीतरी शाळांत ती तशीच आहे कारण जडसंग्रह रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या वहीत) नोंद झाली की मुख्याध्यापकाला भीती, एक मणी हरवला तर कोण भरणार. सरांना गोड बोलून चावी मागा.

पट ३४ म्हणताय म्हणजे समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानात तुमचा २५ हजारांचा टप्पा लागतो (३० पर्यंत १० हजारच असतो, त्यामुळे चार पोरं कुठे स्थलांतराला जाऊ देऊ नका, हे अर्धं गंमतीत). त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात, आणि पैसे येतात ते मार्चच्या तोंडावर, तोपर्यंत खडू आपल्याच खिशातून. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये आत्ताच सांगून ठेवा की वर्गाला काय हवंय, नाहीतर रंगरंगोटीत जातात.

खान्देशी_बाप

मॅडम बरोबर बोलताय पण एक पालक म्हणून सांगतो, आम्हाला डाएट पण नको आणि फाएट पण नको, गुरुजी वर्गात पाहिजे. आमच्या गावच्या शाळेत दोन गुरुजी, एक बीएलओ म्हणजे मतदार यादीच्या कामाला, दुसरा ट्रेनिंगला. आरटीईच्या म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून मास्तरला दुसरं काम लावायचं नाही. २०२४ ला सरकारने शैक्षणिक काम कुठलं न् अशैक्षणिक कुठलं याची यादी पण काढली. कागद छान आहे. पण माझी पोरगी सांगते, पप्पा, सर आज पण फोटो काढत होते. झाड लावलं फोटो, हात धुतले फोटो, पोषण आहार फोटो. जिल्ह्याने वर्गाला मदत करायची असेल तर आधी ते फोटो बंद करा मग बाकी ट्रेनिंगचं बघू.

निवृत्त_केंद्रप्रमुख

नवे गुरुजी, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

तुम्ही लातूरकडचे म्हणता. महाराष्ट्रात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, पहिल्यांदा आला तो औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या पाच जिल्ह्यांत, १९९४ ला. केंद्रप्रमुख हे पदही आपल्याकडे त्याच साली निघालं. साधारण दहा शाळांमागे एक, आणि कामाच्या यादीत पहिलंच काय होतं तर शाळेत जाऊन स्वतः आदर्श पाठ घेणे. साठा मोजणे नव्हे. महिन्याला गटसंमेलन व्हायचं, आता त्याला शिक्षण परिषद म्हणतात. एका शाळेची पोरं बसवायची, एका शिक्षकाने सगळ्यांसमोर पाठ घ्यायचा आणि मग दुपारभर त्या पाठाची चिरफाड. भांडणं पण व्हायची. पण परतताना प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी असायचं, चित्रपट्ट्या, काड्या, कोणाचं तरी गाणं उतरवून घेतलेलं.

मग संगणक आला, शाळांची माहिती भरायचं सरल आलं, यू-डायस आलं, व्हॉट्सॲप आलं. माहिती मागायला पूर्वी पोस्टकार्ड लागायचं म्हणून विचार करून मागायचे, आता एका बोटावर मागता येते. शिक्षण परिषदेतसुद्धा निम्मा वेळ कोणाची माहिती राहिली याचाच हिशोब. तुमच्या साहेबांनी पाच मिनिटं तरी वर्गात काढली, हे आजच्या हिशोबाने वाईट नाही असं म्हणावं लागतं, हीच गोष्ट खटकते.

आता तुमच्या वजाबाकीचं. चूक एकच म्हणालात म्हणजे मी सांगतो ती कोणती. ४३ वजा २७ दिलं की पोरं २४ लिहितात. बरोबर? कारण त्यांना सांगितलेलं असतं की मोठ्यातून लहान काढायचं, म्हणून ती सातातून तीन काढतात, चारातून दोन काढतात, आणि छान अक्षरात २४. त्यांच्या मते ती नियम पाळतायत. फळ्यावर 'हातचा घ्या रे' म्हणून कितीही ओरडा, उपयोग नाही, कारण हातचा कुठून येतो ते पाहिलेलंच नाही.

एका शाळेत असाच गेलो होतो, तिथल्या मॅडमनी वही दाखवली. मी फळ्याकडे गेलोच नाही. खाली बसलो, तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घेतले आणि एका पोराला म्हटलं तुझ्याकडे ४३ काड्या ठेव. त्याने चार गठ्ठे आणि तीन सुट्या ठेवल्या. म्हटलं मला २७ दे. दोन गठ्ठे लगेच दिले. मग सात सुट्या द्यायच्या तर त्याच्याकडे तीनच. तीन दिल्या आणि माझ्याकडे बघत बसला. मी काही बोललो नाही. शेजारची पोरगी म्हणाली, अरे गठ्ठा सोड ना! त्याने दोरा सोडला, चार मोजून दिल्या आणि उरलेल्या मोजल्या, एक गठ्ठा आणि सहा सुट्या. मग त्यालाच वहीतलं २४ दाखवलं आणि विचारलं हे कोणाचं? पोरगं आपणहून खोडरबर घेऊन बसलं. पण लगेच फळ्यावर उडी मारू नका, आठवडाभर काड्या, मग काड्या आणि वही शेजारी-शेजारी, मग नुसती वही. गणित पेटीत शंभर मण्यांची माळ आहे, दहा एका रंगाचे दहा दुसऱ्या, ती पण वापरा, पण गठ्ठा सोडायची मजा माळेत नाही.

एवढं सांगायचं कारण असं की हे दोन तासांचं काम आहे आणि ते वर्गात खाली बसूनच होतं. तुमच्या साहेबांना फोन करा, ग्रुपवर नको. म्हणा, सर, वजाबाकीला पोरं अडलीत, पुढच्या भेटीत एक पाठ घेऊन दाखवाल का, मला बघून शिकायचंय. शेकडा नव्वद केंद्रप्रमुख हे पूर्वीचे शिक्षकच असतात हो, वर्ग दिसला की हात शिवशिवतात. आणि केंद्राची एखादी शिक्षण परिषद तुमच्या शाळेवर घ्या म्हणावं. डोंगरात यायला लोक कुरकुर करतील, पण चार वर्ग एका खोलीत कसे असतात ते एकदा बघू दे सगळ्यांना.

पावरीचं म्हणाल तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची आदिवासी बोलींवरची पुस्तकं आहेत, डाएटच्या ग्रंथालयात विचारा. पण पुस्तक येईपर्यंत अंगणवाडीताईंना रोज सकाळी थोडा वेळ वर्गात बसवा. त्या दोन्ही भाषा जाणतात, पोरं त्यांना घाबरत नाहीत.

जर्सीची_आई

मी इथे नेहमी फक्त वाचते पण भाषेचा मुद्दा निघाला म्हणून लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत आहोत. लेकीचं नाव शाळेत घातलं तेव्हा पहिल्याच फॉर्मवर होतं, घरी कोणती भाषा बोलता. मराठी लिहिलं. त्यावरून डिस्ट्रिक्टने तिची विडा नावाची इंग्रजीची चाचणी घेतली आणि रोज थोडा वेळ वेगळी शिक्षिका तिला इंग्रजीसाठी घ्यायला लागली. आम्ही मागितलं नव्हतं, कायद्यानेच द्यावं लागतं. आणि तिच्या बाईंनी आम्हाला बजावून सांगितलं की घरी मराठीच बोला, घाईने इंग्रजी सुरू करू नका.

इथे जिल्हा म्हणजे आपल्यासारखा मोठा नाही, एकेका गावाचं एकेक स्कूल डिस्ट्रिक्ट, एवढ्याशा राज्यात साडेपाचशेच्या वर आहेत, प्रत्येकाचं बोर्ड, बहुतेक ठिकाणी निवडून दिलेलं, आणि एक सुपरिंटेंडंट. माझी मैत्रीण त्यातल्या एकात इन्स्ट्रक्शनल कोच आहे. तिचं काम नुसतं एवढंच, शिक्षकाच्या वर्गात बसायचं, बरोबर पाठ आखायचा, कधी स्वतः घेऊन दाखवायचा. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे तिला शिक्षकाबद्दल वर रिपोर्ट लिहायचा नसतो. मूल्यमापन प्रिन्सिपल करतात. म्हणून शिक्षक तिच्यासमोर 'हे मला जमत नाहीये' असं बिनधास्त बोलतात. तुमच्याकडे मदत करणारा आणि शेरा लिहिणारा माणूस एकच आहे, तुमची भीती तिथूनच येत असावी.

पण सगळं गोडगोड नाही हं. शाळेचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो. श्रीमंत गावात कोच पण आहे, रीडिंग स्पेशालिस्ट पण आहे, आणि चार मैलांवरच्या गावात वर्गात मुलं जास्त आणि शिक्षक टिकत नाहीत. राज्य आणि केंद्र सरकार भर घालतं पण दरी राहतेच. आपली देशी मंडळी घर घेताना आधी डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघतात त्याचं कारण हेच. त्या मानाने पगार आणि पुस्तकं सगळ्या जिल्ह्यांत सारखी, ही आपल्या झेडपीची बाजू मला तरी मोठी वाटते.

साधन_व्यक्ती

मी तोच प्राणी ज्याचा वर उल्लेख झालाय, तालुका सांगत नाही मी पण. कंत्राटी, मानधनावर, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल, आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळा आमच्या चार-पाच जणांत. लोकांना वाटतं आम्ही बीआरसीत बसून मेसेज फॉरवर्ड करतो. करतो, कारण करायला लावतात. पण शाळेतून कोणी मुद्दाम बोलावलं तर दौऱ्यात ती शाळा आधी धरता येते, हे बऱ्याच शिक्षकांना माहीतच नाही. मुख्याध्यापकांची सही घेऊन चार ओळींचं पत्र द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत बीआरसीला. 'बहुवर्ग अध्यापनासाठी मार्गदर्शन' एवढा विषय लिहा. पत्र आलं की मला दौरा मांडायला आधार मिळतो. तोंडी सांगितलं तर मी यायचं म्हणतो आणि मध्येच कुठलीतरी मोहीम येते.

आता चार वर्गांचं. बहुवर्गाचा सगळ्यात मोठा घोळ हा की गुरुजी चार वर्गांना चार धडे शिकवायला जातात, पहिलीला दहा मिनिटं, दुसरीला दहा, तोवर तिसरी पळून गेलेली. तसं करू नका. भाषेचा आणि गणिताचा रोजचा एकेक तास इयत्ता विसरा. प्रत्येकाला दोन मिनिटं वाचायला देऊन बघा, अक्षरावर आहे, शब्दावर आहे, परिच्छेद वाचतो की गोष्ट वाचतो, आणि तसे गट करा. चौथीतली तुमची ती सहा-सात दुसरीच्या काहींबरोबर बसतील. बसू द्या, फक्त त्या गटाला 'कच्चे' म्हणू नका, झाडांची नावं द्या. तुम्ही एका वेळी एकाच गटात खाली बसायचं, बाकीच्यांना हाताला काम हवं. भाषा पेटीतली कार्डं, वाचनाची पुस्तकं, जोडीने वाचणं. पहिले काही दिवस बाजार भरेल, भरू द्या. उरलेला वेळ मात्र इयत्तेचं पुस्तक, नाहीतर चौथीचा अभ्यासक्रम राहून जाईल आणि पाचवीला दुसऱ्या गावी गेलेल्या पोराची फजिती होईल.

केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीला मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचता यावेत असं आहे. घड्याळ लावून मोजा पण 'समजून' हा शब्द सोडू नका. माझ्या पाहण्यात पावरी बोलणारं एक पोरगं होतं, खाडखाड वाचायचं आणि विचारलं काय वाचलं तर शून्य. पोर्टलवर ते पास होतं! त्याला गोष्ट आधी त्याच्या बोलीत सांगायची, मग मराठीत वाचायची. उलटं नाही.

आणि एक इशारा, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा सातारचं कुमठे बीट गाजलं होतं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे मॅडम आणि तिथल्या शिक्षकांनी बीटातल्या शाळांत ज्ञानरचनावादावर (मूल स्वतः करून शिकतं या विचारावर) मनापासून काम केलेलं, राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक बघायला गेले. परत येऊन केलं काय? फरश्या रंगवल्या. प्रत्येक शाळेत जमिनीवर गोल, चौकोन, अंकांची शिडी, पेंटरची दिवाळी. कुमठ्यात ती आखणी मुलांच्या कामासाठी होती आणि त्यामागे शिक्षक आपसात वर्षानुवर्षं बोलत होते, एकमेकांच्या वर्गात जात होते, अधिकारी स्वतः मुलांशी खाली बसून बोलत होत्या. ते बसमधून बघायला गेलेल्यांना दिसणार कसं. म्हणून ट्रेनिंगला गेलात तर साहित्याचे फोटो कमी काढा, तिथल्या शिक्षकाला विचारा की पोरगं अडलं तेव्हा तुम्ही काय बोललात.

खान्देशी भाऊ, फोटोंचं तुमचं शंभर टक्के मान्य. आम्हालाच ते मागायला लावतात आणि आम्हालाच शिव्या बसतात.

नवा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅडम, तुमचा अंदाज बरोबर निघाला, गणित पेटी कपाटात आहे आणि वरची चिकटपट्टीसुद्धा सोडलेली नाही. सर म्हणाले बघू, ऑडिट होऊ दे. केंद्रप्रमुख साहेबांना मेसेज टाकलाय, वाचलाय पण उत्तर नाही. आजोबा (आजोबा म्हटलं तर चालेल ना), चूक खरंच तीच आहे, चौथीच्या पाच वह्यांत २४ च्या जातीची उत्तरं सापडली, ५२ वजा ३८ ला २६ वगैरे. काड्या इथे तुरीच्या मिळतात, उद्या पोरांनाच आणायला सांगितल्यात.

पेटीचं काय करू? सरांशी वाद घालून इथे राहायचं जिवावर येईल, दोघंच आहोत.

झेडपीच्या_मॅडम

वाद घालूच नका. पुढची शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग कधी आहे बघा, त्यात ठराव घ्यायचा, 'गणित व भाषा पेटीतील साहित्य मुलांच्या दैनंदिन वापरासाठी वर्गात ठेवण्यात यावे, वापरात झीज वा गहाळ झाल्यास तशी नोंद समितीसमोर ठेवावी'. अध्यक्ष पालकच असतो, सही होईल. ठराव सरांच्या बाजूनेच आहे हे त्यांना आधी सांगा, उद्या ऑडिटवाल्याने विचारलं तर दाखवायला कागद झाला ना. मग रजिस्टरला शेरा मारायचा 'वापरात'. मणी हरवणारच आहेत.

तोपर्यंत काड्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख

आजोबा चालेल. मेसेजची वाट बघू नका, साहेबांना शनिवारी फोन करा, सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकरा-बाराच्या सुमारास, तेव्हा माणूस जरा निवांत असतो. आणि काड्या आणायला सांगितल्यात तर दोरे पण आणायला सांगा. रबर बँड देऊ नका, तो पोरं एकमेकांना मारतात.

खान्देशी_बाप

आणि फोटो काढू नका 😄